गोळीत पॅरासिटामॉल किती, विजेच्या करंटवर मोजताना

मी गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या तपासणीत काम करते. जुलैत आमच्याकडे हवा इतकी दमट की गोळीची पूड तराजूवर ठेवली की आकडा हळूहळू वर सरकतो. गोळीतला स्टार्च पाणी ओढतो. त्यामुळे पूड झाकणाच्या बाटलीतच तोला.

वीस गोळ्यांचं वजन करून सरासरी काढा. समजा 500 मिलिग्रॅमची गोळी सरासरी 580 मिलिग्रॅम भरली, तर बारीक खललेली 116 मिलिग्रॅम पूड घ्या, म्हणजे 100 मिलिग्रॅम औषध. फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, पीएच 7) 100 मिली करा, ढवळा, गाळा. तुलनेसाठी शुद्ध पॅरासिटामॉलचं द्रावणही तेवढ्याच तीव्रतेचं करा.

आता खरं काम इलेक्ट्रोडचं. व्होल्टेज चढवत गेलं की पॅरासिटामॉल त्यावर ऑक्सिडाइज होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडतं, आणि करंटच्या आलेखात एक उंचवटा येतो. त्याला पीक म्हणतात; औषध जास्त तर पीक उंच. ग्लासी कार्बनची ती काळी टिकली 0.05 मायक्रॉन अॅल्युमिनाच्या चिखलात, मखमली कापडावर इंग्रजी आठचा आकडा काढत घासायची. आरशासारखी चमकली पाहिजे. प्रत्येक मापानंतर पुन्हा घासा, कारण पॅरासिटामॉल ऑक्सिडाइज होऊन त्यातलं काही टिकलीला चिकटतं आणि पुढचं पीक बुटकं येतं. नवी मुलं नेमकी इथेच कंटाळा करतात. मीही केलाय. एकदा संपूर्ण बॅचमध्ये औषध कमी असल्याचं सांगून मोकळी झाले, दोष गोळीत नव्हताच.

ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो त्या दुसऱ्या, सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या टोकात बुडबुडा अडकला असेल तर बोटाने टिचक्या मारून काढा, नाहीतर आलेखाची रेघ नुसती थरथरते. द्रावणातला ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन सोडायची गरज नाही. आपण मोजतो त्या धन बाजूच्या व्होल्टेजला ऑक्सिजन आड येत नाही.

10 मिली बफरचा आधी ब्लँक घ्या, म्हणजे औषधाशिवायचं माप. मग गोळीचं 50 मायक्रोलिटर द्रावण टाकून डिफरन्शियल पल्स (व्होल्टेज छोट्या ठोक्यांनी चढवत करंट मोजायची पद्धत) चालवा. पीक 0.4 व्होल्टच्या आसपास दिसेल. त्यातच शुद्ध द्रावण 50-50 मायक्रोलिटर तीनदा टाकत मोजा, पण टिकली घासून. वाढलेल्या आकारमानाची दुरुस्ती विसरू नका. माझे दुरुस्त आकडे: 1.62, 3.23, 4.84, 6.45 मायक्रोअँपिअर. दर 50 मायक्रोलिटरला वाढ 1.61. म्हणजे गोळीच्या 50 मायक्रोलिटरमध्ये शुद्ध द्रावणाच्या 50.3 मायक्रोलिटरइतकं औषध, गोळीमागे 503 मिलिग्रॅम.

कॅफिनवाली गोळी असली तरी चालेल, त्याचं पीक बरंच पुढे येतं. व्हिटॅमिन सी असलेल्या, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या मात्र या पद्धतीने मी घेत नाही. व्हिटॅमिन सी स्वतःच पॅरासिटामॉलच्या आधी ऑक्सिडाइज होऊन पीकच्या बुडाशी घुसतं.