पीसी चालू केला की डीएलएल मिसिंगचा एरर येतोय? हे करून बघा

डेस्कटॉप दिसला न दिसला तोच 'व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल वॉज नॉट फाउंड' असली खिडकी येते (डीएलएल म्हणजे प्रोग्रामला चालायला लागणारी जोडफाइल), ओके दाबलं की जाते, उद्या परत हजर. ती लगेच घालवू नका, मोबाईलवर फोटो काढा, कारण वरच्या पट्टीत प्रोग्रामचं नाव असतं आणि आत फाइलचं, आणि सगळं त्या दोन नावांवरच ठरतं.

आणि प्लीज, ती एक फाइल कुठल्यातरी फुकट डीएलएल साइटवरून उतरवून विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधे टाकू नका! व्हायरसची भीती तर आहेच, शिवाय एक टाकली की प्रोग्राम दुसरी मागतो.

फाइलच्या नावात १४० असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबलचं (म्हणजे अशा डीएलएल फायलींच्या संचाचं) लेटेस्ट पॅकेज घ्या, २०१५ ते २०२२ सगळ्यांना ते एकच चालतं. १२० असेल तर २०१३चं, ११०ला २०१२चं, १००ला २०१०चं, ही वेगवेगळीच टाकावी लागतात, नवीन टाकलं म्हणून जुन्याचं भागत नाही. आता लोक अडकतात ते इथे: विंडोज ६४ बिट म्हणून फक्त एक्स६४ टाकतात आणि प्रोग्राम निघतो ३२ बिटचा, मग एरर जैसे थे. एक्स८६ (म्हणजे ३२ बिटचं) पण टाका, दोन्ही एकत्र नीट राहतात. (गंमत म्हणजे ६४ बिटच्या फायली सिस्टम३२ मधे असतात आणि ३२ बिटच्या सिसवाव६४ मधे, कोणी ठेवली ही नावं देव जाणे, हाताने कॉपी करणारे त्यातच फसतात.)

पॅकेज आधीपासून आहे तरी एरर येतो? कंट्रोल पॅनलमधे प्रोग्राम्सच्या यादीत त्यावर चेंज दाबा, मग रिपेअर, मग रीस्टार्ट. १४०च्या पुढे अंडरस्कोर १ असेल तर तुमचं पॅकेज बहुतेक २०१९च्या आधीचं आहे, नवीन टाकलं की झालं.

खिडकीवर 'रनडीएलएल' लिहिलं असेल तर मात्र प्रकरण वेगळं, यात काही इन्स्टॉल करायचं नसतं. बहुतेक वेळा काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची किंवा अँटिव्हायरसने उडवलेल्या फाइलची स्टार्टअपमधली (पीसीबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्राम्सच्या यादीतली) नोंद तेवढी मागे राहिलेली असते. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपमधे ती डिसेबल करा. तिथे दिसली नाही तर मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स टूल घ्या, ज्यांची फाइल सापडत नाही त्या नोंदी त्यात पिवळ्या दिसतात, शेड्यूल्ड टास्कमधल्यासुद्धा. डिलीट नका करू, आधी फक्त टिक काढा आणि रीस्टार्ट करून बघा.