अमेरिकेत हॉस्पिटलचं बिल आलं? थांबा, लगेच कार्ड काढू नका

मागच्या वर्षी एका रविवारी संध्याकाळी आमचा धाकटा सोफ्यावरून उडी मारताना टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला, हनुवटी फुटली, अर्जंट केअर (किरकोळ दुखण्यांचं क्लिनिक) बंद झालेलं म्हणून ईआरला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूमला नेलं. अडीच तास बसलो, तीन टाके पडले, पोराला पॉप्सिकल मिळालं आणि महिन्याभराने मला २,९०० डॉलरचं बिल. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. बायको म्हणाली भरून टाक बाबा, क्रेडिट खराब व्हायला नको. मी नाही भरलं, आणि त्या दोन महिन्यांत जे काही शिकलो ते इथे टाकतोय, कारण ओळखीतलं कोणी ना कोणी तरी सारखं हेच विचारत असतं.

आधी हातात आलेला कागद कुठला आहे ते बघा. इन्शुरन्सकडून येतो तो ईओबी (एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स, म्हणजे क्लेमचा हिशोब), त्यावर लिहिलेलंच असतं की हे बिल नाही. त्यात हॉस्पिटलने किती लावले, इन्शुरन्सने किती मान्य केले आणि तुमच्या डोक्यावर किती, हे तीन आकडे असतात. हॉस्पिटलच्या बिलातला आकडा त्या तिसऱ्या आकड्याशी जुळला पाहिजे. ईओबी आलेलाच नाही आणि बिल आलंय, तर क्लेम बहुतेक गेलेलाच नसतो, रिसेप्शनवर मेंबर आयडीचा एखादा आकडा चुकवला की झालं. आणि हो, हॉस्पिटल वेगळं, डॉक्टरांचा ग्रुप वेगळा, एक्स-रे वाचणारा वेगळा, तिघांची तीन बिलं येऊ शकतात, त्यामुळे एकाच गोष्टीचं दोनदा आलं असं समजून फेकू नका.

मग बिलिंगला फोन करून आयटमाइज्ड बिल मागायचं, प्रत्येक उपचाराच्या कोडसकट. जे घरी येतं त्यात नुसतं "इमर्जन्सी रूम सर्व्हिसेस" आणि खाली रक्कम असते. किराणावाल्याने यादी न देता "सामान, तीन हजार" लिहून दिलं तर आपण देऊ का? यादी येईपर्यंत अकाउंट होल्डवर टाका असं पण सांगा, टाकतात. आणि हॉस्पिटलच्या ऑनलाइन पोर्टलवरून डॉक्टरची नोट उतरवून घ्या, खरी गंमत तिथे असते.

माझ्या बिलात टाक्यांसाठी १२०१३ कोड होता. शोधलं तर तो चेहऱ्यावरच्या २.६ ते ५ सेंटीमीटर जखमेचा, आणि डॉक्टरच्या नोटमध्ये चक्क १.५ सेंटीमीटर लिहिलेलं! अडीचपर्यंतचा कोड १२०११. शिवाय ईआर व्हिजिटचे पाच लेव्हल असतात, ९९२८१ ते ९९२८५, जितका वरचा तितका महाग, आम्हाला चौथा लावला होता. दोन्ही गोष्टी पोर्टलवर लिहून "कोडिंग रिव्ह्यू करा" म्हणालो. फोनवर भांडण्यात अर्थ नाही, समोरचं पोरगं बिचारं स्क्रीनवरचं वाचत असतं. फोन केलाच तर तारीख, नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर वहीत लिहायचा.

पाच आठवड्यांनी सुधारलेला क्लेम इन्शुरन्सकडे गेला आणि माझा आकडा १,७४० वर आला. तोही महागच आहे, पण डिडक्टिबल (इन्शुरन्सने द्यायच्या आधी दरवर्षी आपल्या खिशातून भरायची रक्कम) बाकी होतं त्याला काय करणार. बिनव्याजी हप्ते मागितले, दिले.

इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या (तुमच्या इन्शुरन्सशी करार नसलेल्या) हॉस्पिटलात जावं लागलं, किंवा हॉस्पिटल नेटवर्कमधलं पण भूल देणारा बाहेरचा निघाला, तर २०२२ च्या जानेवारीपासून नो सर्प्रायझेस अ‍ॅक्ट लागू आहे, नेटवर्कमध्ये जेवढं भरावं लागलं असतं त्याच्या वरचा फरक तुमच्याकडून मागता येत नाही. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्यात नाही (हेलिकॉप्टर आहे, काय लॉजिक आहे देव जाणे).

क्लेम नाकारला तर अपील करा, खरंच करा. केएफएफ या आरोग्य धोरणावर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०२३ चे सरकारी मार्केटप्लेसचे (जिथून लोक स्वतः इन्शुरन्स विकत घेतात) आकडे काढले होते, नेटवर्कमधले साधारण १९ टक्के क्लेम नाकारलेले आणि त्यातल्या १ टक्क्याहून कमी लोकांनी अपील केलेलं, पण ज्यांनी केलं त्यांच्यातल्या ४४ टक्के प्रकरणांत कंपनीने निर्णय फिरवला. म्हणजे आपण कंटाळतो यावरच त्यांचं भागतं. साधारणपणे नकार आल्यापासून १८० दिवस मिळतात, डॉक्टरकडून हे का गरजेचं होतं याचं पत्र घ्या, तरी नाही म्हणाले तर चार महिन्यांत कंपनीबाहेरच्या तटस्थ लोकांकडून रिव्ह्यू मागता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका इन्शुरन्स कंपनीच्या सीईओचा खून झाला तेव्हा लोकांनी ऑनलाइन दुःखाऐवजी आपापले नाकारलेले क्लेम लिहिले होते. खून तो खूनच, पण तो राग कुठून येतो ते नकाराच्या पत्रांचा गठ्ठा घरात असला की कळतं.

पैसेच नसतील तर फायनान्शियल असिस्टन्स (बिल माफ किंवा कमी करून देण्याची सोय) मागा. नॉनप्रॉफिट हॉस्पिटलांना कायद्याने अशी पॉलिसी ठेवावीच लागते आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. आपल्या लोकांना "चॅरिटी" शब्दाचीच लाज वाटते, कार्डावर व्याज भरतील पण फॉर्म भरणार नाहीत. क्रेडिटची भीती पण जरा कमी करा, ५०० डॉलरच्या आतलं मेडिकल कलेक्शन (वसुलीला गेलेलं बिल) २०२३ पासून तिन्ही क्रेडिट ब्युरो दाखवत नाहीत आणि मोठं असलं तरी एक वर्ष थांबतात.

आईबाबा येणार असतील तर फिक्स्ड बेनिफिटवाला स्वस्त व्हिजिटर इन्शुरन्स घेताना दहादा विचार करा, तो प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम देतो, उरलेलं तुमच्या गळ्यात. इन्शुरन्स न वापरता आधी ठरवून काही करून घेणार असाल तर गुड फेथ एस्टिमेट (खर्चाचा आधीच दिलेला अंदाज) लेखी घ्या, बिल त्याच्यापेक्षा ४०० डॉलरने किंवा जास्त वाढलं तर १२० दिवसांत तक्रार करता येते.

आणि सगळं भरून झालं की झिरो बॅलन्सचं पत्र मागून ठेवा. मला आठ महिन्यांनी तेच जुनं २,९०० चं बिल परत आलं, पत्राचा फोटो पोर्टलवर टाकला, दोन दिवसांत गप्प.