ट्राउटसाठी जड निम्फ घरी बांधायची आणि तीर्थनमध्ये खेळवायची

ट्राउट मासा पाण्याबाहेर झेपावून माशी पकडतो ते फोटोत भारीच दिसतं, पण त्याचं बहुतेक खाणं चालतं पाण्याखाली, तळाजवळ. हिमाचलात तीर्थन नदीच्या काठाला गुशैणीजवळ उथळ पाण्यातला एखादा दगड उचलून उलटा करून बघा, चपट्या अंगाच्या, तीन शेपट्यांच्या बारक्या तपकिरी अळ्या सैरावैरा पळताना दिसतील. मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याची पिल्लं ती, त्यांनाच निम्फ म्हणतात. आपल्याला हुकवर पीस आणि तार गुंडाळून तिचीच नक्कल बनवायची आहे, गळाला लावायच्या अशा नकली किड्याला माशी (फ्लाय) म्हणतात. आणि ती तळापर्यंत गेली पाहिजे, नाहीतर कितीही सुंदर बांधलेली असो, मासा तिच्याकडे बघणार नाही, कारण जोराच्या थंड पाण्यात तो दोन घासांसाठी वर यायची तसदी घेत नाही. म्हणून मी आधी वजनाचा विचार करतो, रंगरूप नंतर.

याचं मूळ डिझाइन इंग्लंडमधलं. विल्टशरमध्ये एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे रिव्हर कीपर, म्हणजे नदीची देखभाल करणारे, होते, त्यांनी फेझंट या लांब शेपटीच्या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे धागे आणि तांब्याची बारीक तार एवढ्या दोनच गोष्टींत निम्फ बांधली, दोरा अजिबात नाही, तारच दोऱ्याचं काम करणार आणि तीच वजन देणार. पाय वगैरे काही लावले नाहीत, कारण पोहताना ही अळी पाय अंगाशी घेते. आपण त्याच्यावर फक्त टंगस्टनचा मणी चढवतोय, कारण तीर्थनला उतार आहे आणि धार जोरात असते.

सामान सांगतो. १४ नंबरचा हुक (नंबर जेवढा मोठा तेवढा हुक लहान, हे लक्षात ठेवा), २.८ मिमीचा टंगस्टन मणी, बारीक तपकिरी दोरा, फेझंटच्या शेपटीचं पीस, मोरपीस, वजनासाठी शिसं नसलेली तार आणि तांब्याची तार. टंगस्टन पितळेपेक्षा साधारण दुप्पट जड असतं, म्हणून स्वस्त पडतो म्हणून पितळी मणी घेऊ नका, निदान या नदीसाठी तरी. तांब्याची तार बाहेरून मागवायची काही गरज नाही, मोटर वाइंडिंगच्या दुकानात जाऊन ३८ गेजची मागा, थोडीशी घेतली तरी वर्षानुवर्षं पुरते. मोरपीस आपल्याकडे बहुतेक घरात असतंच, गळून पडलेलं चालतं, फक्त परदेशात मासे पकडायला जाणार असाल तर ते सोबत नेऊ नका, देशाबाहेर न्यायला बंदी आहे. फेझंटचं पीस मात्र फ्लाय टायिंगचं, म्हणजे माश्या बांधायचं, सामान विकणाऱ्यांकडूनच, पाळीव पक्ष्याचं घ्या. हिमाचलातले मोनाल वगैरे याच जातकुळीतले पक्षी संरक्षित आहेत, रानात पडलेलं पीस दिसलं तरी खिशात टाकू नका.

आता बांधणी. आधी पकडीने हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका, मासा सोडताना त्याला इजा कमी होते. मग मणी चढवा, मण्याला एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला मोठं भोक असतं, बारीक भोक हुकच्या टोकातून आधी घालायचं म्हणजे ते हुकच्या डोळ्याकडे, दोरी ओवायच्या भोकाकडे, येतं. हुक व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावायच्या छोट्या शिकंज्यात, पकडा. मण्याच्या मागे शिसं नसलेल्या वजनाच्या तारेचे ६-७ वेढे घ्या आणि ते पुढे सरकवून मण्याच्या मोठ्या भोकात ठासा, आता मणी हलणार नाही आणि वजनही थोडं वाढलं. त्याच्या मागे दोऱ्याचे वेढे घेऊन उतार करा आणि दोरा हुकच्या वळणापर्यंत न्या.

फेझंटचे ४ धागे एकत्र तोडा, टोकं एका रेषेत आणा आणि हुकच्या दांड्याच्या निम्म्या लांबीची शेपटी राहील असं बांधा. उरलेले धागे कापू नका, त्यांचंच अंग करायचंय. तिथेच तांब्याची तार बांधा. दोरा पुढे घेऊन मण्याच्या थोडं मागे थांबा, धागे गुंडाळत पुढे आणा, बांधा. मग तार उलट्या दिशेने ४-५ वेढे घेत आणा. उलट्या दिशेनेच का, तर पिसाचे धागे नाजूक असतात, ट्राउटच्या दातांनी तुटतात, आणि तार आडवी गेली की ती त्यांना धरून ठेवते. हे एक केलं नाही तर माशी दोन माशांत उसवते.

मण्यामागच्या रिकाम्या जागेत मोरपिसाचे २ धागे दोऱ्याला पीळ देऊन एकत्र गुंडाळा, ३ वेढे बास. मग शेवटची गाठ, आणि सुईच्या टोकावर घेऊन पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब. पाठीवर विंगकेस, म्हणजे निम्फच्या पंखांच्या फुगवट्याची नक्कल, मी करत नाही, त्यात वेळ जातो आणि माशी जाडजूड होते, जाड माशी हळू बुडते. सडपातळ ठेवा.

एकाच माशीचे तीन वजनांचे प्रकार बांधून ठेवा असं मी आग्रहाने सांगेन: एक वेढ्यांशिवाय नुसत्या मण्याची, एक वर सांगितली ती, आणि एक ३.३ मिमीच्या मण्याची १२ नंबरच्या हुकवर. मण्यामागची शेवटची गाठ प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने मारा म्हणजे डबीतून काढताना गोंधळ होत नाही, माझी सगळ्यात जड ती लाल.

नदीवर जायच्या आधी मत्स्य विभागाचं परमिट काढा. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलात ट्राउट पकडायला बंदी असते, पावसाळ्यात पाणी गढूळ, म्हणजे मार्च ते जून आणि मग सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हे आपले दिवस. उन्हाळ्यात दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, सकाळ गाठा.

रॉड ९ फुटी, ४ किंवा ५ वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर), लाइनला जोडलेल्या निमुळत्या दोरीच्या, म्हणजे लीडरच्या, पुढे ५एक्स टिपेट, म्हणजे माशी बांधायची बारीक दोरी. मोठ्या दगडांच्या मागे जिथे धार आणि संथ पाणी एकमेकांना लागून वाहतात ती रेघ शोधा, मासा संथ बाजूला उभा राहून धारेतलं खाणं उचलतो. त्या जागेच्या खालच्या अंगाला, थोडं बाजूला उभे राहा, माशी वरच्या अंगाला ३-४ मीटर टाका म्हणजे माशापर्यंत येईतो तिला बुडायला वेळ मिळतो. रॉडचं टोक वर ठेवा, शक्य तेवढी लाइन पाण्याबाहेर धरा आणि माशी धारेच्या वेगानेच येऊ द्या, ओढू नका. लाइन कुठे थबकली, किंचित बाजूला सरकली, की लगेच रॉड खालच्या अंगाला हलका झटकून उचला, खात्री करायला थांबलात तर माशाने माशी थुंकलेली असते. बऱ्याचदा तो दगड निघतो, निघू दे.

आणि हेच मोजमाप आहे: ७-८ वेळा टाकून एकदाही तळाला टेकली नाही तर जड माशी लावा, दरवेळी अडकत असेल तर हलकी. रंग बदलायचा विचार त्याच्यानंतर. माशी तुमच्यासमोरून पुढे गेली की लगेच काढून घेऊ नका, रॉड सावकाश वर उचला, निम्फ तळापासून वर यायला लागते, उडायला निघालेल्या किड्यासारखी, आणि मागे आलेला ट्राउट नेमका तिथे झडप घालतो. सॉयर यांचीच ही युक्ती, मला तरी सगळ्यात जोराचे मासे असेच लागलेत.

मासा हाताळायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. पाण्यातच ठेवून हुक चिमट्याने काढा, तोंड प्रवाहाकडे करून धरा, स्वतःहून निघून जाईपर्यंत. आणि मुक्कामावर आलात की वापरलेल्या माश्या रात्रभर उघड्यावर वाळू द्या, ओल्याच डबीत बंद केल्या तर हुक गंजतात आणि गंज बाकीच्यांनाही लागतो.