पोळ्याचा घास आणि बांड्याचं पोट

शहरातली नोकरी सोडून घरच्या गुरांच्या कोठ्यात परतलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. दूध काढणं, शेण उचलणं, कुटार भरणं तुम्हाला येतच असेल. मी ज्यात फसलो ते वेगळंच होतं, आणि ते माझ्या बैलाला, बांड्याला भोवलं.

आमचं घर आर्वीकडे. दोन बैल, सहा गवळाऊ गायी, दोन नागपुरी म्हशी. परत आल्यावरचा माझा पहिलाच पोळा. आदल्या सांजेला खांदमळणी केली. खांद्याला लोणी-हळद चोळताना जुवाचा घट्टा हाताला लागला आणि गळा दाटला. याच खांद्यावर माझी फी भरली गेली होती. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच पाहुण्यासारखं जेवू घातलं. शिजवलेल्या ज्वारीचा ठोंबरा बादलीभर, वर पुरणपोळ्या, गूळ. पोळ्याचं तोरण तुटल्यावर बोजाऱ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या ओवाळणीसाठी, बैल घेऊन घरोघर फिरलो, तिथंही प्रत्येक दारात घास. मी कुणालाच नाही म्हटलं नाही.

रात्री बैल ठीक होता. फसगत इथंच होते, म्हणून नीट सांगतो. बैलाच्या पहिल्या पोटातले जिवाणू कडबा-कुटार पचवायला सरावलेले असतात. शिजलेलं धान्य, पीठ, गोड एकदम ढीगभर पडलं की आंबवणारे जिवाणू फोफावतात आणि लॅक्टिक आम्ल साचतं. एरवी 6 ते 7 असणारा पोटातला सामू (pH) साडेपाचाच्याही खाली जातो. कडबा पचवणारे जिवाणू मरतात, पोटाची हालचाल थांबते, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि डोळे खोल जातात. पुढं आम्ल रक्तात उतरतं. हे सगळं दिसायला बहुधा 12 ते 24 तास लागतात. तोवर आपण समाधानानं झोपलेलो असतो.

सकाळी बांड्या वैरणीला तोंड लावेना. रवंथ बंद, शेण पातळ, आंबट वासाचं. गावातल्या एका जाणत्यानं पोटफुगी म्हणून तेल पाजायला सांगितलं आणि मी पाजलं. त्यात अर्धा दिवस गेला. चुकूनही असं करू नका. घाईनं पाजलेलं तेल फुफ्फुसात गेलं तर जनावर त्यानंच जातं. धान्य जास्त गेल्याचा नुसता संशय आला तरी खुराक बंद करा, सुकं कुटार तेवढं पुढ्यात ठेवा आणि डॉक्टरला बोलवा. 1962 वर फोन केला तरी फिरता दवाखाना मिळतो. डॉक्टर आले तेव्हा दारात तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल घेऊन उभी होती, आणि आमचा बैल अंगणात मान टाकून पडला होता. पोरांना बोजारा द्यायला माझा हात उठला नाही. आईनं दिला.

सलाइन, सोडा, पोटात नळी. बांड्या वाचला. पण खुरं दुखावली, आणि त्या रब्बीला पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं झाली.

घाबरून जाऊ नका. चार घास पोळी खाल्ल्यानं बैल मरत नाही. मी आता प्रत्येक बैलाला एकच पोळी देतो, तीही पोटभर कुटार खाल्ल्यावर, आणि शेजारच्या दारी "माझ्या हातावर द्या, बैलाच्या तोंडात नको" म्हणतो. कुणी रुसतं, रुसू द्या. शिंगांना ऑइल पेंटही लावत नाही, गेरू पुरतो.

वर्षाची बाकीची कामं तुम्हाला कुणीही सांगेल. घटसर्प-फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या. सोयाबीन काढणीत ढिगाकडं जनावर फिरकू देऊ नका, फुकटचं धान्य पोळीपेक्षा वाईट. वैशाखात म्हशीला दुपारी पाणी मारा, नाहीतर ती माजावर आलेली कळतच नाही. पान्हा सुटावा म्हणून इंजेक्शन टोचणाऱ्याच्या कोठ्यात शिकायला जाऊ नका, मग तो दिवसाला कितीही लिटर काढो. मोबाइलवरचे व्हिडिओ बघा, पण तुमच्या ढोराचं शेण त्यात दिसत नाही.

मला खरं शिकवलं ते गायकीबाबांनी, गावाची गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्यानं. त्या सकाळी ते रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "बाबू, रातच्यानं उठून पाह्यलं काय, रवंथ करत होता का नाई?" मी उठलोच नव्हतो. तेव्हापासून दिवाळीतल्या गायगोधनाला त्यांच्या हाती धान्य नि धोतर देताना मी आधी त्यांच्या पाया पडतो.

आता पोळ्याच्या रात्री दोनदा गजर लावतो. बॅटरी घेऊन कोठ्यात जातो, बांड्याच्या डाव्या कुशीवर मूठ टेकवून पोट हलतंय का बघतो. तो जबडा हलवत माझ्याकडं बघतो. मग मी बॅटरी विझवून थोडा वेळ तिथंच बसतो.