झाडांच्या फिशटँकसाठी लाइट कसा निवडावा

जिवंत झाडांचा टँक करायचा म्हटलं की दुकानदार हमखास सांगतो, "झाडं लावायचीत ना? मग जास्त वॅटचाच घ्या." तो घेतला की पहिले काही आठवडे टँक झकास दिसतो. मग काचेवर हिरवे ठिपके येतात, पानांच्या कडांना केसांसारखं शेवाळ लोंबायला लागतं आणि पुढे सगळा वेळ खरवडण्यात जातो. घरगुती टँकमध्ये कमी लाइटपेक्षा जादा लाइटनेच जास्त घोळ होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

झाडाला प्रकाशासोबत कार्बन डायऑक्साइड (सीओटू) आणि खत लागतं. पाण्यात हा वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटीने हळू पसरतो, त्यामुळे पानापर्यंत तो मुळातच कमी पोचतो. अशा वेळी नुसता प्रकाश वाढवून उपयोग नसतो. जाळ वाढवला म्हणून पातेल्यात नसलेला तांदूळ शिजत नाही. उरलेला प्रकाश शेवाळाच्या कामी येतो. म्हणून लाइटच्या दुकानात सगळ्यात शेवटी जायचं.

पायरी १: आधी झाडं आणि सीओटूचा निर्णय

स्वतःला एकच प्रश्न विचारा: सीओटूचा सिलिंडर, रेग्युलेटर, वायू बारीक बुडबुड्यांत पाण्यात सोडणारा डिफ्यूझर हे सगळं सांभाळणार आहात का? उत्तर 'नाही' असेल तर कमी प्रकाशातली झाडं घ्या: अ‍ॅन्युबियस, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन. यातल्या क्रिप्टोकोरिनचे काही भाईबंद आपल्या कोकणातही ओढ्यांच्या काठी उगवतात. व्हॅलिस्नेरिया आणि अ‍ॅमेझॉन स्वोर्ड मध्यम प्रकाशात खूश असतात, फक्त त्यांच्या मुळाशी खताच्या गोळ्या द्या.

लालभडक रोटाला, लुडविजिया किंवा तळाला मॉन्टे कार्लो या बुटक्या झाडाचा गालिचा हवा असेल तर जोरदार प्रकाश लागतो आणि त्याच्या जोडीला सीओटूही. यातलं एक घेऊन दुसरं टाळता येत नाही.

जाता जाता एक विनंती. पावसाळ्यात कासच्या पठारावर फुलणारा वायतुरा पाहून तो टँकसाठी उपटून आणायचा मोह होतो. ती फक्त सह्याद्रीत सापडणारी, धोक्यात आलेली वनस्पती आहे आणि उघड्या कातळावरच्या उथळ पाण्यात, भर उजेडात वाढते. तिला तिथेच राहू द्या.

पायरी २: टँक मोजा, हिशेब करा

दोन फुटी टँक घेऊ: ६० सेंमी लांब, ३० रुंद, ३८ उंच. गुणाकार करून हजाराने भागलं की ६८ लिटर. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर खरं पाणी साधारण ५५ लिटर.

पांढऱ्या एलईडीसाठी ल्युमेनचा (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) ढोबळ हिशेब असा: सोप्या झाडांना लिटरमागे १५ ते २० ल्युमेन, मध्यमला ३० च्या आसपास, सीओटूवाल्या टँकला ४० आणि पुढे. म्हणजे आपल्या टँकला सोप्या झाडांसाठी ११०० ल्युमेन पुरे. चांगला एलईडी एका वॅटला ९० च्या आसपास ल्युमेन देतो, तेव्हा १२ वॅटमध्ये काम भागतं. मध्यमसाठी १८ वॅट, सीओटू असेल तर २५ च्या पुढे. 'गॅलनला इतके वॅट' हा नियम जुन्या ट्यूबलाइटच्या काळातला आहे, एलईडीला तो लावू नका.

उंचीकडेही लक्ष द्या. दीड फुटापेक्षा खोल टँकमध्ये तळापर्यंत पोचणारा प्रकाश बराच घटतो. तिथे गालिच्याच्या झाडांचा हट्ट न धरलेलाच बरा.

पायरी ३: खोक्यावरचे आकडे तपासा

वॅटच्या आकड्यावर सरळ विश्वास ठेवू नका. खोक्यावर '३६ वॅट' छापलेलं असतं. अ‍ॅडॅप्टर उलटा करून बघितलात तर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. गुणाकार १८. अ‍ॅडॅप्टर जेवढं देतो त्याहून जास्त लाइट खाणार कुठून? दुकानातच हा गुणाकार करा.

केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप. हा आकडा ६५०० च्या आसपास असला की उजेड दुपारच्या उन्हासारखा स्वच्छ दिसतो. ३००० केल्विनच्या पिवळ्या उजेडातही झाडं वाढतात, पण पाणी गढूळ वाटतं. गडद निळे लाइट समुद्री प्रवाळांच्या टँकसाठी असतात, ते आपल्या कामाचे नाहीत. जांभळ्या 'ग्रो लाइट'खाली झाडं वाढतील, पण हिरवी पानं काळपट दिसतील आणि टँककडे बघावंसं वाटणार नाही. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ८० च्या वर असेल तर रंग खरे दिसतात. लाल झाडं ठेवणाऱ्यांनी ९० च्या जवळचा शोधावा.

रिमोटवर रंग बदलणारी साधी आरजीबी पट्टी ही शोभेची वस्तू आहे. डब्ल्यूआरजीबी दिवे वेगळे: त्यांत पांढऱ्यासोबत लाल, हिरवे, निळे चिप असतात आणि पानांचे रंग खुलतात. त्यांना मात्र वरचा ल्युमेनचा हिशेब नीट लागू पडत नाही. ल्युमेन हे आपल्या डोळ्याचं माप आहे आणि डोळ्याला लाल-निळा प्रकाश कमी जाणवतो, झाडाला तो चांगलाच चालतो. झाडाचं खरं माप म्हणजे 'पार', म्हणजे झाडाला वापरता येणारा प्रकाश. कंपनीने किती खोलीवर किती पार मिळतो हे दिलं असेल तर तेच धरा: तळाशी १५ ते ३० कमी, ३० ते ५० मध्यम, त्यापुढे जोरदार.

बजेट कमी असेल तर बाहेर लावायचा ६५०० केल्विनचा १० किंवा २० वॅटचा एलईडी फ्लड लाइट वर टांगला तरी झाडं छान वाढतात. दिसायला तो ओबडधोबड असतो, पण मला त्यात काही वावगं वाटत नाही. मंद-प्रखर करायची सोय असलेला लाइट मात्र चार पैसे जास्त देऊनही घ्या. ५० टक्क्यांवर चालवलेला मोठा लाइट पुढे कधी सीओटू लावलात तर उपयोगी पडतो. छोट्याला मोठा करता येत नाही.

पायरी ४: पाणी भरण्याआधी मोबाइलने मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. रिकाम्या टँकवर लाइट ठेवा, मोबाइलमध्ये लक्स (एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजणारं अ‍ॅप घ्या आणि स्क्रीन वर करून फोन तळाला ठेवा. आधी मध्यभागी, मग चारही कोपऱ्यांत. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला ७० ने भागलं की पारचा अंदाज येतो. मध्यभागी २१०० लक्स म्हणजे साधारण ३०. कोपऱ्यात ९०० आले तर तिथे १३ च्या आसपास. तिथे अ‍ॅन्युबियसच लावा. फोनचा सेन्सर ढोबळ असतो, पण उजेड कुठे आहे आणि कुठे नाही हे तो बरोबर दाखवतो. फरक फार असेल तर लाइट थोडा वर उचला. प्रखरता कमी होते आणि उजेड सारखा पसरतो.

पायरी ५: वेळ आणि टायमर

सुरुवात रोज ६ तासांनी करा. नवीन पानं नीट येत असतील आणि शेवाळ नसेल तर दर आठवड्याला अर्धा तास वाढवत ८ तासांवर थांबा. संध्याकाळी ४ ते १० ही वेळ नोकरदारांना सोयीची, कारण टँक बघायला आपण घरी असतो. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर तेही या हिशेबात धरावं लागतं. टँक सरकवणं उत्तम.

टायमर घ्याच. पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचा यांत्रिक टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की तोही थांबतो. लोडशेडिंगच्या गावात चार दिवसांत टँकची संध्याकाळ रात्री उशिरा उजाडायला लागते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर तिथे बरा.

वायरीचं थोडक्यात: पाण्याच्या वर टांगायचा असला तरी लाइट किमान आयपी ६५ (धूळ आणि पाण्यापासून बचावाचा दर्जा) चा हवा. वायर प्लगपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पायरी ६: झाडं काय सांगतात ते बघा

दांड्यावर दोन पानांतलं अंतर लांबलं, खालची पानं गळली, गालिचा पसरण्याऐवजी वर उठायला लागला, तर प्रकाश कमी पडतोय. काचेवर चार दिवसांत हिरवा थर, संथ वाढणाऱ्या पानांवर ठिपके, तर जास्त होतोय: आधी प्रखरता २० टक्के कमी करा, तास नंतर. नव्या टँकमधला तपकिरी थर बहुधा आपोआप जातो, त्याचा दोष लाइटला देऊ नका. नव्याने लावलेल्या क्रिप्टोकोरिनची पानं विरघळली तरी मुळं उपटू नका, नवी पानं येतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा.

काही महिन्यांनी प्रकाश उतरल्यासारखा वाटला तर नवा लाइट शोधण्याआधी वरची झाकणाची काच बघा. बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर क्षारांचा पांढरा थर चढलेला असतो. काच उचलून बाहेर काढा, व्हिनेगरच्या फडक्याने पुसा आणि साध्या पाण्याने धुऊन परत ठेवा.