ग्रीन कार्डची मुलाखत: जोडीनं जाण्याआधी

लग्नाच्या नात्यावर अमेरिकेचं ग्रीन कार्ड मागितलंय आणि दोघांना मुलाखतीला बोलावलंय, तर तयारी फोटोंच्या अल्बमपासून सुरू करू नका. आधी तुम्हीच पाठवलेल्या आय-१३० (जोडीदारानं नात्याच्या आधारे केलेला अर्ज) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) या फॉर्मांच्या प्रती काढा आणि दोघांनी शेजारी बसून पहिल्या पानापासून वाचा. अधिकाऱ्यासमोर हेच फॉर्म उघडे असतात आणि त्यांतल्याच ओळी विचारत तो पुढे जातो. अर्ज पाठवून बरेच महिने झालेले असतात. तेवढ्यात नोकरी बदलते, घर बदलतं, बाळ होतं. काय बदललं ते एका कागदावर लिहा, त्याचा पुरावा मागे लावा. पत्ता बदलल्यावर तो कळवण्याचा एआर-११ फॉर्म दहा दिवसांत भरायचा असतो; राहिला असेल तर आजच भरा.

वाचताना तारखांवर बोट ठेवून थांबा. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी, त्यामुळे ०५/०३ म्हणजे ५ मार्च की ३ मे, हा घोळ फॉर्मात सहज शिरतो. लग्नाची तारीख तर हमखास गोंधळाची. आधी अमेरिकेत काउंटीच्या कचेरीत कायदेशीर लग्न आणि काही महिन्यांनी कोल्हापुरात अक्षता, असं असेल तर कायद्याच्या लेखी लग्न पहिल्याच तारखेला झालं. लग्न भारतात झालं असेल तर दाखल्यावर विधीची आणि नोंदणीची, अशा दोन तारखा असू शकतात. नवऱ्यानं एक आणि बायकोनं दुसरी सांगितली तर अधिकारी तिथंच अडतो. कुठली तारीख कशाची, हे दोघांनाही सांगता यायला हवं. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्डही दोनच वर्षांचं मिळतं.

नावांचा प्रश्न मराठी जोडप्यांना जास्त छळतो. पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, लग्नाच्या दाखल्यानंतर काढलेल्या कागदांवर नवऱ्याचं नाव, स्वतःच्या जन्मदाखल्यावर तर नावच नाही. अशा वेळी नाव घातलेला नवा जन्मदाखला गावाकडून मागवणं सगळ्यात बरं. तो मिळत नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं ठेवा. दाखला फक्त मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्याखाली ‘भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात’ अशा अर्थाचं भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन. ते नवरा-बायकोपैकी कुणी करू नये, तिसऱ्याकडून करून घ्यावं. आधीचं लग्न मोडलेलं असेल तर दोघांपैकी ज्याचं असेल त्याचा घटस्फोटाचा अंतिम हुकूम हवाच.

आय-४८५ मधले हो-नाही प्रश्न लोक डोळे मिटून ‘नाही’ करतात. पण कुठल्याही संस्थेचे, क्लबचे सभासद होतात का, या प्रश्नात महाराष्ट्र मंडळही येतं आणि गल्लीतलं गणेश मंडळही. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली असेल तर शस्त्रप्रशिक्षणाचा प्रश्न पुन्हा वाचा. यात दडवण्यासारखं काही नसतं, पण शपथेवर दिलेलं चुकीचं उत्तर महागात पडतं. चुकलं असेल तर मुलाखतीच्या सुरुवातीलाच दुरुस्ती करायची आहे म्हणून सांगा. कधी अटक झाली असेल तर, प्रकरण निकालात निघालं असलं तरी, कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत न्या. व्हिसाची मुदत संपून राहिला असाल किंवा जुना हद्दपारीचा हुकूम असेल तर वकिलाला भेटल्याशिवाय जाऊ नका.

मग संसाराचा पुरावा. अर्जासोबत दिलेला तिथं आहेच. आता लागतो त्यानंतरचा. मागच्या आठवड्यात उघडलेल्या संयुक्त खात्याला फारशी किंमत नाही. भाडं, किराणा, विजेचं बिल ज्यातून जातं त्या खात्याची महिन्या-महिन्याची स्टेटमेंट बोलतात. दोघांच्या नावाचा भाडेकरार, आरोग्य आणि गाडीचा विमा, ४०१के या निवृत्तीच्या खात्यावर वारस म्हणून जोडीदाराचं नाव, लग्नानंतरचा टॅक्स रिटर्न. लग्नानंतरही कुणी ‘सिंगल’ म्हणून रिटर्न भरला असेल तर तो दुरुस्त करून न्या. सासू-सासऱ्यांच्या घरी राहत असाल तर भाडेकरार नसतो. त्यांचं पत्र आणि त्याच पत्त्यावर दोघांच्या नावानं येणारी टपाल-बिलं ठेवा. फोटो पंधरा-वीस पुरेत, छापलेले, मागे तारीख आणि माणसं लिहिलेली. फोन बंद ठेवायला सांगतात, त्यामुळे ‘मोबाइलवर आहेत’ हे उत्तर नाही. ठरवून झालेलं लग्न असेल तर लाजू नका: स्थळ कुणी सुचवलं, पहिली भेट कुठं, साखरपुडा कधी, हे सरळ सांगा.

आय-८६४ साठी, म्हणजे जोडीदाराला पोसण्याच्या हमीपत्रासाठी, नवीन पे-स्लिपा, नोकरीचं पत्र, ताजा रिटर्न. घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न लागतं. कमी पडत असेल तर सह-प्रायोजकाची कागदपत्रं तयार ठेवा. २ डिसेंबर २०२४ पासून वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ फॉर्म अर्जासोबतच द्यावा लागतो. अर्ज त्याआधीचा असून तो राहिला असेल तर सिव्हिल सर्जनचं (म्हणजे या तपासणीसाठी तिथल्या इमिग्रेशन खात्यानं नेमलेल्या डॉक्टरचं) पाकीट सीलबंदच न्या.

मूळ कागद एका फाइलमध्ये, त्याच क्रमानं झेरॉक्स दुसऱ्या फाइलमध्ये. सोबत मुलाखतीची नोटीस, नवे-जुने पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), दोघांची फोटो ओळखपत्रं. दुभाषा हवा असेल तर स्वतःच न्यायचा. दुभाषा वापरण्याच्या जी-१२५६ फॉर्मवर सही अधिकाऱ्यासमोर होते. इतक्या महिन्यांनी आलेली तारीख न कळवता चुकवली तर अर्ज सोडून दिला असं धरून नामंजूर होऊ शकतो. जमत नसेल तर आधीच कळवा.

आत आधी शपथ, मग प्रश्न. जोडीदाराला विचारलेल्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, आपापसात मराठीत कुजबुजू नका. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाज ठोकून दिला की जुळत नाही. शंका आली तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात: काल रात्री काय जेवलात, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, घराच्या किल्ल्या किती. पाठ केलेली उत्तरं इथंच फसतात.

निकाल त्याच दिवशी सांगतीलच असं नाही. काही मागितलं तर लेखी घ्या आणि मुदत बघा. उठण्याआधी टेबलावरचे मूळ कागद मोजून परत घ्या.