अल्सर, एच. पायलोरी आणि नाश्त्याआधीची गोळी

रिकाम्या पोटी दुखायचं, रात्री जळजळ. एंडोस्कोपीत जठरात अल्सर निघाला, आणि अल्सर घडवणारा एच. पायलोरी जिवाणूही. (१९८४ साली डॉक्टर बॅरी मार्शल यांनी हाच जिवाणू स्वतः पिऊन दाखवला होता; २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं. आपल्याकडे खापर अजून मिसळीवरच फुटतं.)

डॉक्टरांनी दोन अँटिबायोटिक्स आणि पोटातलं आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल असा १४ दिवसांचा कोर्स दिला. पाठदुखीसाठी चालू असलेली डायक्लोफेनॅक लगेच थांबवली, कारण अशा वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो. पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास, अख्खीच गिळायची. आम्लात विरघळू नये म्हणून तिच्यावर आवरण असतं, ते चुरून चालत नाही. समोर वाफाळता चहा असताना अर्धा तास काढणं हीच खरी शिक्षा. दोन अँटिबायोटिक्सपैकी क्लॅरिथ्रोमायसिनने तोंड असं कडू, जणू नाणं चघळतोय. तरी कोर्स मध्येच सोडायचा नाही, नाहीतर जिवाणू उरतो आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेलच असं नाही.

जिवाणू गेला का, याची तपासणी अँटिबायोटिक्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी होते. त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोलही बंद, नाहीतर रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. गोळी सुटल्यावर जळजळ थोडी उसळली, मग ओसरली. रिपोर्ट निगेटिव्ह आला.

शौच डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर गोळ्या शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.